दुसऱ्या शिट्टीला

आमच्या घरात कुकर दुसऱ्या शिट्टीला बंद करायचा असतो, तिसऱ्या नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे आणि मी बोलता बोलता भरकटते, असं घरातले सगळे म्हणतात.

वरण-भाताला तीन शिट्ट्या लागतात हे काय मी तुम्हाला सांगायचं! पण इथल्या विजेच्या स्टोव्हचं असं आहे, की बटण बंद केलं तरी कॉइल बराच वेळ लालबुंदच. गॅससारखं नाही. लग्नानंतर इथे परदेशात, स्कारबरोच्या अपार्टमेंटमध्ये आले तेव्हा महिनाभर मी भाताचा नुसता लगदा करत होते. तीन शिट्ट्या झाल्या की बंद करायची, मागाहून चौथी व्हायची, आणि मी स्टोव्हला शिव्या द्यायची. आमचे हे एका कारखान्यात ड्रॉइंगं काढायचे. त्यांनी दोन-तीन दिवस काही न बोलता नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "दुसऱ्या शिट्टीला बंद करायचा. तिसरी आपली आपण होते."

एका वेळी एवढं बोलले की त्यांचा दिवसाचा कोटा संपायचा. मी म्हटलं, मग तुम्हीच करा बंद, मी अंघोळीला गेलेली असते. तेव्हापासून ते काम त्यांचं झालं. खुर्चीत पेपर घेऊन बसायचे. पहिल्या शिट्टीला पान उलटायचे, दुसरीला उठायचे, स्लिपर फटफटत स्वयंपाकघरात, खट् करून बटण, परत खुर्ची. तिसरी झाली की मानसुद्धा वर करायचे नाहीत.

आणि मी काय करायची? भारतात फोन लावून बहिणीला सांगायची, की बाई, ह्यांना घरातलं काही म्हणजे काही येत नाही, कुकर बंद करण्यापलीकडे काडी इकडची तिकडे करत नाहीत. ते शेजारच्याच खुर्चीत असायचे. मी म्हणायची, "खोटं आहे का?" ते म्हणायचे, "बरं."

माझ्या सगळ्या बोलण्यावर त्यांचं उत्तर ते एवढंच. मी तासभर बोलावं आणि ह्यांनी "बरं" म्हणावं, असा आमचा संसार झाला. पुढे मुलाचं लग्न झालं, त्याने मार्कहॅमला घर घेतलं आणि आम्ही दोघं त्याच्याबरोबर राहायला गेलो. खुर्चीही गेली, कुकरही गेला. सून बँकेत, मुलगा कॉम्प्युटरमध्ये, दोघंही सकाळी सातला बाहेर. नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं काम ह्यांचं. तिथेही दोघं एकमेकांशी काही बोलत नसत, पण हात धरून जायचे.

नात सहावीत गेली त्या वर्षी ह्यांना स्ट्रोक झाला. उजवा हात आणि उजवा पाय थोडा गेला, तो व्यायामाने थोडा परतही आला. गेलं ते दुसरंच. हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपिस्ट मुलीने आम्हाला बसवून समजावलं. मुलगा मला मराठीत सांगत होता. ह्यांचे कान चांगले आहेत, पण शब्द ऐकू आले तरी त्यांचा अर्थ लागत नाही. आपण सबवेच्या गाडीत बसलोय आणि शेजारी दोन माणसं चिनी भाषेत बोलताहेत, तसं त्यांना आपलं सगळ्यांचं बोलणं वाटत असेल. मी विचारलं, मराठीसुद्धा? ती म्हणाली, हो, सगळ्याच भाषा.

मी घरी आले आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. चाळीस वर्षं मी त्या माणसाशी बोलत होते. ऐकताहेत की नाही अशी शंका यायची, भांडायचीसुद्धा त्यावरून. आता शंका उरली नाही. आणि त्यांच्या तोंडी शब्द उरला तो एकच, तोही तोच. "बरं." पाणी हवं तरी बरं, दुखतंय तरी बरं. मुलगा एकदा रडवेला होऊन हसला आणि म्हणाला, "आई, बाबांची व्होकॅब्युलरी फारशी कमी नाही झाली गं." मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, पण मलाही हसू आलं.

घरी आणल्यावर ते चालायचे, पण वॉकर धरून आणि कुणीतरी मागे असलं तरच. एकटं उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "उठू नका" हे त्यांना सांगणार कसं? मी हाताने खुणा करायची, ते माझ्या हाताकडे बघायचे आणि बसून राहायचे. आठवडाभर सगळं ठीक होतं. मग एका दुपारी मी फळीवरून डबा काढत होते तेवढ्यात बेसमेंटच्या जिन्यावरून धडधड आवाज आला. हे खालून चौथ्या पायरीवर पडले होते. भुवईला टाके पडले, मनगटाचं हाड मोडलं. वॉकर वर खुर्चीजवळ तसाच.

बेसमेंटमध्ये ह्यांचं काय काम होतं, ते कुणालाच कळेना. सरकारी केस मॅनेजर बाई आली, तिने कागदावर लिहून घेतलं आणि मुलाला हळूच सांगितलं, की पुन्हा असं पडले तर घर त्यांच्यासाठी सुरक्षित आहे असं मी लिहू शकणार नाही. नर्सिंग होमच्या यादीत नाव तरी घालून ठेवा, नंबर यायला वेळ लागतो. मुलाने सह्या केल्या. माझ्याकडे न बघता केल्या.

कोडं सोडवलं ते नातीने. शनिवारी ती समोर बसून होमवर्क करत होती. म्हणाली, "आजी, इट्स द ड्रायर." मी म्हटलं, काय ड्रायर? "बझर वाजला की आजोबा गेट्स अप. ही ऑल्वेज डिड दॅट. ही ब्रिंग्ज द क्लोद्ज."

मी म्हणाले, छे. मग आठवायला बसले. खरंच की. ह्या घरात आल्यापासून सुकलेले कपडे आपोआप वर यायचे का? टोपली भरून जिन्याच्या वर ठेवलेली असायची. मी ती उचलायची आणि घड्या घालायला बसायची. ती तिथे कशी आली, असा विचार म्हणून माझ्या मनात कधी आला नव्हता.

मग आम्ही लक्ष ठेवलं. गॅरेजचं दार वर जायला लागलं की जमिनीखालून गडगड येते. ती आली की हे खुर्चीच्या हातावर हात टेकायचे. ग्रोसरीच्या पिशव्या घ्यायला जायचे ना ते. मायक्रोवेव्ह टिटी टिटी करायला लागला की मान वळायची. माझं दूध विसरलेलं असायचं त्यात, नेहमीच. दारावरची बेल, फोन, नळ ठिबकला तर तो, आणि शिट्टी. शब्द एक पोचत नव्हता, पण घर त्यांना हाका मारत होतं आणि ते प्रत्येक हाकेला ओ द्यायला उठत होते. मी बहिणीला फोनवर काय काय सांगितलं होतं ते आठवून मला माझीच लाज वाटली. सांगणार कुणाला? त्यांना सांगून कळणार नव्हतं. तरी सांगितलं. "बरं," म्हणाले.

तर मग घर गप्प करायचं ठरलं. मुलाने ड्रायरचा बझर बंद केला, बेलची वायर काढली. फोन वाजण्याऐवजी नुसता लुकलुकायचा. गॅरेज उघडायचं नाही म्हणून गाडी बाहेर ड्राइव्हवेवर ठेवायला लागला. जानेवारी होता. रोज सकाळी अंधारात बाहेर उभा राहून काचेवरचा बर्फ खरवडायचा, तोही हळूहळू, खरखर आत येऊ नये म्हणून. दहा मिनिटांचं काम पंचवीस मिनिटं करायचा. मी खिडकीतून बघायची. आत येऊन बोटं काखेत धरायचा. एक शब्द बोलायचा नाही. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की हा मुलगा कुणावर गेलाय.

सून मायक्रोवेव्हपुढे उभी राहून शेवटचा एक सेकंद उरला की दार उघडायची. सकाळची घाई, एका कानात कानातलं घालायचं राहिलेलं, आणि ही त्या आकड्यांकडे टक लावून उभी. मी म्हटलं, अगं जा, मी बघते. म्हणाली, "आई, तुम्हाला नाही जमणार, तुम्ही बोलत बसाल." बरोबरच होतं तिचं.

कुकर तळघरात गेला. मी वरण पातेल्यात शिजवायला लागले. तूरडाळ दीड तास रटरटायची आणि तरी बोटचेपी व्हायची नाही. सगळे मुकाट्याने खायचे.

दीड महिना हे पडले नाहीत. केस मॅनेजर बाई खूश झाली. पण ते दीड महिना उठलेही नाहीत. आधी सारखी मान वळायची ती वळेना. हनुवटी छातीवर. भरवलं तर खायचे, नाहीतर नाही. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, पायातली ताकद चाललीये, दिवसातून निदान दोनदा उभं करा. उभं करायला जावं तर अंगच टाकून द्यायचे. शब्दाने सांगता येईना, हाताने उचलता येईना. मला तर कळेनासंच झालं. आवाज केला तर माणूस पडतो, आवाज नाही केला तर असा विझत जातो. काय करायचं? मी देवासमोर बसायची, आणि घंटासुद्धा वाजवायची नाही.

एका शनिवारी मी कुणाला न विचारता कुकर वर आणला. अकरा वाजले होते. सगळे घरात होते. मुलाने बघितलं आणि म्हणाला, "आई, काय करतेस?"

मी म्हटलं, "तू ह्या बाजूने धर, ती त्या बाजूने धरेल. उठले तर उठू देत."

"आणि पडले तर?"

"तुम्ही दोघं काय मग शोभेला आहात?"

तो चिडला होता, पण जाऊन उभा राहिला. पहिली शिट्टी झाली. हनुवटी उचलली गेली. मी बडबडत होते, मला घाबरल्यावर जास्तच बोलायला होतं. दुसरी शिट्टी झाली आणि ह्यांनी डावा हात खुर्चीवर टेकला आणि उठले. दीड महिना जे पाय उभे राहत नव्हते त्यांच्यावर उठले. मुलगा, सून दोन्ही बाजूंना, मी पुढे उलट्या पावलांनी, सावकाश, सावकाश करत. स्लिपर घासत आठ पावलं. डाव्या हाताने त्यांनी बटण बंद केलं. बरोबर तेच, मागच्या कॉइलचं. सुनेने डोळे पुसले. नात फोन हातात धरून उभी होती. तिच्या फोनचं तिला काहीतरी नेहमीच चाललेलं असतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मग तिसरी शिट्टी झाली, आपली आपण. आणि ह्यांचा हात पुन्हा बटणाकडे गेला. त्यांनी ते पुन्हा चालू केलं. मी त्यांच्या हाताशेजारून हात घालून बंद केलं.

त्यानंतर आमच्याकडे वरण शनिवार-रविवारीच मऊ व्हायचं. घरात चार माणसं असली की कुकर, एरवी पातेलं. तेवढ्याने ते जरा तरतरीत झाले. मला वाटायला लागलं की निभेल. असंच निभेल.

फेब्रुवारीच्या शेवटी एका मंगळवारी कुरिअरवाल्याने दार ठोठावलं. बेल वाजेना म्हणून बिचाऱ्याने मुठीने ठोठावलं. आम्ही बेल काढली होती, दार थोडंच काढलं होतं! हे उठले. मी धावत जाऊन पकडलं, आणि त्यांच्या वजनाने दोघंही खाली आलो. मी खाली, ते अर्धे माझ्यावर. लागलं कुणालाच नाही फारसं. पण मला उठता येईना आणि त्यांना उठवता येईना. फोन भिंतीवर, वर. कुरिअरवाला पार्सल ठेवून निघून गेला, त्याच्या ट्रकचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकला मी.

नातीची बस पावणेचारला यायची. घड्याळात अडीच वाजले होते.

सव्वा तास आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून होतो. एवढ्या खालून मी घर कधी ऐकलं नव्हतं. फ्रिज गुणगुणायचा आणि मधेच दचकल्यासारखा थांबायचा. बेसमेंटमधली घर तापवणारी फर्नेस पेटली की जमिनीला बारीक थरथर यायची, मग जाळीतून गरम वारा पायाला लागायचा. छतावरचा बर्फ वितळून पन्हळीतून टपटपत होता. भिंतीतल्या पाइपात पाणी सरकत होतं. ह्यांचा श्वास माझ्या खांद्याशी. मी बोलत होते, अर्थातच. आधी देवाला बोलले, मग कुरिअरवाल्याला, मग ह्यांना. अपार्टमेंटमधल्या लगदा भाताचं बोलले. म्हटलं, अहो, कपड्यांच्या टोपल्या तुम्ही आणायचात, मला कधी बोलला का नाहीत? ते वर छताकडे बघत होते. मधूनमधून म्हणायचे, "बरं."

नात आली, तिने आम्हाला बघितलं, दप्तर टाकलं आणि आईला फोन लावला. मग माझ्या डोक्याखाली उशी घातली आणि आमच्याजवळ जमिनीवर बसली, दोघांचे हात धरून. बारा वर्षांची पोर. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं, की मी ज्याला निभेल म्हणत होते ते हिच्यावर येणार होतं.

मार्चच्या मध्यात नर्सिंग होममधून फोन आला की जागा झाली आहे, उद्यापर्यंत कळवा. मुलगा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "आई, तू नाही म्हणालीस तर नाही. मी कामावरून सुट्टी घेईन." किती दिवस घेणार, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, "हो सांग." एवढंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कमी शब्दांचं बोलणं असेल ते.

तिथे चांगलं आहे. स्वच्छ आहे, मुली प्रेमळ आहेत. मी मुलाबरोबर शनिवारी, रविवारी जाते आणि मधल्या दिवसांत एकदा एकटी बसने जाते, दोन बस बदलून. आवाजही पुष्कळ आहेत तिथे. गाड्या ढकलल्याचे, कुणाच्यातरी टीव्हीचे, बेल तर सारखीच कुठेतरी वाजत असते. हे त्यातल्या कशालाही मान वळवत नाहीत. पडत नाहीत आता. त्यातला एकही आवाज त्यांच्या कामाचा नाही.

परवा नात आमच्याबरोबर आली होती. त्यांच्या खुर्चीशेजारी बसून म्हणाली, "आजी, आय हॅव द कुकर. ऑन माय फोन. लावू?" त्या शनिवारी ती तेच टिपत होती, तेव्हा कुठे मला कळलं. तिचं बोट बटणावर होतं. मी तिचा हात धरला.

"नको गं."

"ही विल लाइक इट, आजी."

"उठतील ते," मी म्हटलं. "उठल्यावर कुठे नेऊ त्यांना?"

तिने फोन खिशात ठेवला. हे आमच्याकडे बघत होते, एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे.

परतताना गाडीत मीच म्हटलं, लाव आता. मुलाने हीटरचा पंखा बारीक केला. पहिली शिट्टी, आणि माझी बडबड. देवा, किती बोलते मी! सुनेचा आवाज, बाबा, हळू. मुलाचा, पकडलंय, पकडलंय. दुसरी शिट्टी, खुर्ची करकरली, मग स्लिपर. आठ पावलं मी मोजली. खट्. मग परत मी, बघा कसं बरोबर केलं, कुणाला जमेल का असं, वगैरे वगैरे. तिसरी शिट्टी झाली, आणि तिच्या पाठोपाठ, माझ्या बोलण्याच्या खाली, अगदी बारीक काहीतरी होतं.

मी म्हटलं, पुन्हा लाव. तिने पुन्हा लावलं. ते "बरं" होतं की कुकरची वाफ होती, मला सांगता येईना. मुलाला विचारलं. म्हणाला, आई, तू फार मोठ्याने बोलतेस गं, ऐकू येत नाही.

घरी पोचेपर्यंत मी गप्प बसले. गॅरेजचं दार गडगडत वर गेलं, आता ते उघडायला हरकत नसते. मी ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन आत गेले आणि कुकर लावला.